पहिले खोट, मंग रंग

"पहिले खोट देख, मंग रंग देख."

ओट्यापाशी गिऱ्हाईक थांबलं की ही बाई पहिलं वाक्य हेच बोलायची. 'या, बसा' नाही, 'काय दाखवू' नाही. मग गठ्ठ्यातली एक साडी ओढायची आणि घडी मोडायची. तीही पदराकडून नाही. जिथं लाल दोऱ्याची गाठ असेल तिथून मोडायची, तेवढाच भाग गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची आणि त्यावर बोट ठेवायची. इथं छपाई सरकली. इथं धागा तुटला. इथं लेस वाकडी शिवली. एवढं दाखवून झालं की मिसरी लावलेले काळे दात दाखवत गप्प बसायची. भाव सांगायची नाही. "खोट मी दखाडी, भाव तू सांग," म्हणायची.

आता तुम्हीच सांगा, असा कुठं धंदा असतो?

सुरतेतल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. इथं साड्यांचा पूर वाहतो, त्यामुळे थोड्या बिघडणारच. त्या मालाला आम्ही दागी म्हणतो. शहाणा दुकानदार दागी साडीची घडी अशी घालतो की डाग आत राहावा. ही बाई घडी अशी घालायची की डाग वर यावा, आणि कुणाची नजर चुकून जाऊ नये म्हणून त्यावर लाल दोरा बांधायची.

गोडादऱ्यात माझं दुकान आहे. समोर बंद पडलेली पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या ओट्यावर ही. मधे रस्ता, तोही रिक्षा उभी राहिली तर बंद होणारा. मी या गावात आलो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. उधन्यात लूम चालवले, मग खांद्यावर साड्या टाकून गल्लोगल्ली हिंडलो, मग हे दुकान. काचेचा दरवाजा, एसी, आत गादी, पाण्याचा जार. माल फ्रेश, एका साडीला डाग सापडला तर मिशी काढीन. आणि माझ्या दुकानात आलेली बाई काय करायची? साडी अशी झटकायची जणू आत विंचू बसलाय. ट्यूबलाइटखाली धरायची, मग बाहेर नेऊन उन्हात धरायची. पाच वार भरते का ते मोजायची. नखानं रंग खरवडायची. रंग जाणार नाही म्हणून मी आईची शपथ घ्यायचो, तर ती म्हणायची, "शपथ नको शेठ, भाव सांगा." आणि हीच बाई रस्ता ओलांडून तिकडे गेली की उभ्या उभ्या दागी साडी पिशवीत टाकायची. उलगडून बघायचीसुद्धा नाही!

चांगला माल माझ्याकडे, बिघडलेला माल तिच्याकडे, आणि भरवसा तिच्यावर. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

सगळे तिला मावशी म्हणायचे. गुजराती बायका माशी म्हणायच्या. "माशी, आमां खोट क्यां छे?" असं विचारत त्या खाली वाकायच्या. 'खोट दाखव' म्हणत खरेदीला येणारं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात दुसरीकडे पाहिलं नाही. बऱ्याच जणी तर तो दोरा घरी नेऊनही कापायच्या नाहीत. आमच्या भागात भाजीच्या लारीपाशी उभं राहिलात तर एखाद्या बाईच्या निरीजवळ लाल गाठ दिसायची. समजायचं, ओट्यावरचा माल आहे. फुकटची जाहिरात. मी कॅलेंडरं वाटायचो, पिशव्या वाटायचो, त्या पिशव्यांतून लोक तिच्या साड्या न्यायचे.

पण माझा खरा राग दुसराच होता.

दुपारी ऊन चढलं की बाईला घर आठवायचं. घर मागच्याच गल्लीत. भाकरी खाऊन, जमिनीला पाठ टेकून ती परत यायची. तोवर माल कोण बघणार? जो दिसेल तो! रिक्षाची वाट बघत उभा असलेला कोणीही माणूस. ती त्याला हाक मारायची, "भाऊ, जरासं ध्यान ठेवजो, मी आत्तेच येस." आणि निघायची. मागं वळून बघायची नाही. तो माणूस इकडे बघ, तिकडे बघ, आणि मग मुकाट ओट्यावर टेकायचा. पर्वत पाटियाची रिक्षा यायची, रिकामी निघून जायची, हा बसून. एकदा ओडिशाचा एक लूमवाला असा सापडला होता. त्याला मराठी येईना, अहिराणी तर लांबच. तरी बसला. दोन बायका आल्या, त्यानं साडी उचलली, लाल दोऱ्याकडे बोट केलं आणि मान खाली घातली, जणू ती खोट त्याच्याच हातून झाली होती. बायकांनी साड्या घेतल्या. मावशी आल्यावर त्यानं पैसे तिच्या ओंजळीत ओतले आणि कामाला उशीर झाला म्हणून पळत सुटला.

हे सगळं मी काचेमागून बघत होतो. आणि मला एकच विचारायचं होतं. बाई, मी इथं चार पावलांवर बसलोय. मोठं दुकान आहे, नाव आहे, तुझ्याच धुळे जिल्ह्यातला आहे. भाषा तुझी-माझी एक. तू रस्त्यावरच्या परक्या माणसाला ध्यान ठेव म्हणतेस, मला एकदाही म्हणाली नाहीस. का?

आपल्या तोंडानं मी कसं विचारणार? मग मी वाट बघत बसलो. एक दिवस हिला कोणीतरी लुबाडणार, आणि त्या दिवशी मी रस्ता ओलांडून जाऊन सांगणार: बघितलंस?

तो दिवस आला. मावशी एका माणसाला बसवून गेली होती, आणि त्याची रिक्षा आल्यावर तो निघून गेला. ओटा उघडा पडला. एक बाई आली, थांबली, इकडे तिकडे पाहिलं आणि एक साडी पदराखाली सरकवली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी दरवाजा ढकलून धावलो. कोपऱ्यावर तिला गाठलं, आरडाओरडा करून गल्ली गोळा केली आणि तिला घेऊन ओट्यापाशी आलो. तोवर मावशी झोपेतून उठून, केस बांधत येत होती.

"हे बघ!" मी ओरडलो. "ठेव अजून लोकांवर भरवसा! रंगेहाथ धरलीय!"

मावशीनं साडी हातात घेतली, उलटसुलट केली, दोऱ्याची गाठ शोधली. मग त्या बाईला म्हणाली, "हाई नको लेऊ माय, पदरले भोक शे. घाईमा दिसनं नही तुले. ती ले." आणि दुसरी साडी पुढं केली.

गल्ली हसली. चोर बाई रडायला लागली. आणि मी मधे उभा, हातवारे करत. त्या बाईनं पुढं ती साडी हप्त्याहप्त्यानं फेडली म्हणतात आणि कायमची मावशीची गिऱ्हाईक झाली. माझ्या दुकानासमोरून जाताना मात्र अजून तोंड फिरवते. धावलो मी, धरलं मी, आणि वाईट झालो मीच.

त्या दिवशी भर गल्लीत मी विचारूनच टाकलं. "त्या अनोळखी माणसाला सांगतेस. मला का नाही सांगत कधी?"

मावशी हसली. "तुले काय सांगनं? दिनभर तुन्ही नजर आठेच ऱ्हास."

पुन्हा गल्ली हसली. दिवसभर तुझी नजर इकडेच असते, असं चारचौघांत म्हणणं म्हणजे काय? मला कळत नव्हतं का? तिनं माझा जळफळाट चव्हाट्यावर मांडला होता. दुकानात जाऊन मी दरवाजा असा आपटला की काचेला तडा गेला. त्याचा खर्चही मी मनातल्या मनात तिच्याच नावावर टाकला.

मग मी ठरवलं, दोऱ्यानंच माल खपतोय ना, दोरा माझ्याकडेही आहे. लाल रीळ आणलं आणि फ्रेश साड्यांना ठिकठिकाणी गाठी मारल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, दोरा बघून खूश झालं. "अरे वा शेठ, तुम्हीही? दाखवा, खोट कुठंय?"

आता खोट दाखवायची कुठून? मी साडी पूर्ण उलगडली. गिऱ्हाइकानं वाकून बघितलं, मी वाकून बघितलं. काही सापडेना. "नाहीच आहे," मी म्हणालो.

"मग दोरा कशाला?"

"असंच."

"असंच कोण बांधतं शेठ? सापडू नये इतकी आत आहे म्हणा की!" आणि बाई उठली. संध्याकाळपर्यंत एकही दोऱ्याची साडी गेली नाही. निर्दोष माल, हातात धरून दाखवला, आणि केवळ खोट सापडत नाही म्हणून पडून राहिला. ओट्यावरून मावशी सगळं बघत होती. काही बोलली नाही, उपकार झाले.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी विसरलो असतो. पण मग माझ्या थोरलीचं लग्न मधे आलं.

थोरलीचं आधीचं एक स्थळ बोलणीतच फिसकटलं होतं. हॉलच्या खर्चावरून मुलाकडचे एक शब्द जास्त बोलले, मी चार बोललो आणि भरल्या ताटावरून उठलो. तेव्हापासून पोरगी माझ्याशी 'जेवायला चला' यापलीकडे बोलत नव्हती. आता आलेलं स्थळ उधन्याचं होतं. मुलगा कापडाच्या छपाईच्या कारखान्यात नोकरीला, घर स्वच्छ, माणसं मोजकं बोलणारी. आणि या वेळी पोरीला मुलगा आवडला होता, हे तिनं आईला सांगितलं होतं. बायको मला म्हणाली, "हे बघा, या वेळी तोंडाला कुलूप लावा. हे मोडलं तर पोरगी तुमचं तोंड बघायची नाही." आणि तिचं खरं होतं.

मी कुलूप लावलं. मुलाकडचे घरी येऊन गेले, मी गोड बोललो. माझा स्वभाव शांत आहे, मी कुणाशी वाद घालत नाही, देण्याघेण्यात माझा हात सढळ आहे, असं सगळं सांगितलं. थोरली चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती माझ्याकडे बघतच राहिली.

आपल्यात पद्धत असते. घर बघून झालं की गल्लीत चौकशी करायची. मुलाची आई आणि तिची बहीण दोन दिवसांनी गुपचूप आल्या. मला पत्ता नव्हता. दुकानात बसल्या बसल्या, बाहेर लावलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे नजर गेली, तर समोरच्या ओट्यावर मुलाची आई! बाजूला तिची बहीण. आणि मधे बसलेली मावशी साडीची घडी मोडत होती.

गल्लीत एवढी दुकानं, एवढी माणसं. किराणावाला माझा मित्र, दवाखान्यातल्या कंपाउंडरला मी दिवाळीला मिठाई देतो. यांपैकी कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. पण परकी बाई गल्लीत शिरली आणि हजार तोंडांतून नेमकी तिलाच विचारायला गेली. जिचं पहिलं वाक्य 'खोट देख' हे आहे, तिला!

कॅमेऱ्याला आवाज नाही. स्वस्तातला घेतला होता, घासाघीस करून. आता पडद्यावर नुसती तोंडं हलताना दिसत होती. मुलाच्या आईनं माझ्या दुकानाकडे हलकेच मान केली. मावशीनं हातातली साडी बाजूला ठेवली. मग तिनं एक बोट नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. दोघी हसल्या. मग मूठ आवळून काहीतरी ओढल्यासारखं केलं, तो मी, भाव करताना. मग ताटावरून उठायची नक्कल केली. तीसुद्धा! माझं जुनं ताट तिथं ओट्यावर मांडलं गेलं होतं आणि मी काचेमागे घामाघूम. बाहेर जाता येईना. गेलो असतो तर चोरून बघत होतो हे कळलं असतं, आणि गेल्यावर मी ओरडलो असतो, म्हणजे तिनं सांगितलेलं खरंच ठरलं असतं.

मग मावशी पुढं झुकली. मुलाच्या आईच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं काहीतरी सांगितलं. थोडंसंच. हसणं थांबलं. मुलाच्या आईनं वळून माझ्या काचेकडे पाहिलं, चांगला वेळ पाहिलं. मग एक साडी घेतली आणि दोघी निघून गेल्या.

त्या कोपऱ्यावरून वळल्या आणि मी रस्ता ओलांडला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खोट सांगी," ती शांतपणे म्हणाली.

"अगं, माझ्या पोरीचं लग्न आहे! साडी आहे का मी?"

"रंगबी सांगा ना मंग."

"काय रंग सांगितलास?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मिसरीची डबी मिटली. "तो गिऱ्हाईकले सांगतस," म्हणाली. "मालले नही."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, गेलं हे स्थळ. थोरलीनं ते आतून ऐकलं. पुढचे काही दिवस आमच्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज. आणि मग उधन्याहून निरोप आला. त्यांना पसंत होतं.

व्याही साखरपुड्याला भेटले तेव्हा मी विचारलं, ओट्यावरची ती बाई आमच्याबद्दल काय बोलली. ते मोकळेपणी हसले. "राग नाकावर आहे म्हणाली. भाव करताना सख्ख्या भावाला सोडत नाही म्हणाली. आधीच्या सोयरिकीत ताटावरून उठला तेही सांगितलं. खरं सांगू शेठ, तुम्ही घरी इतकं गोड बोललात ना, त्यानं आमची ही घाबरली होती. म्हणाली, एवढा साधा माणूस असतो का? काहीतरी लपवतोय."

"आणि आणखी काय म्हणाली?"

"ते हिला ठाऊक," त्यांनी विहीणबाईंकडे बोट केलं. विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ते राहू द्या आमच्यापाशी."

बघा म्हणजे. माझी पोरगी, माझं घर, माझा खर्च, आणि माझ्या शब्दाला किंमत शून्य. ओट्यावरची बाई मला वाईट म्हणाली म्हणून सोयरीक जुळली. लोक अभिनंदन करत होते आणि मी आतल्या आत जळत होतो. माझ्याबद्दलचं काहीतरी एका परक्या घरात ठेव म्हणून ठेवलेलं होतं आणि मला ते बघायची सोय नव्हती.

तरी मी मान राखला. दुकानातली सगळ्यात भारी साडी काढली, स्वतः ओट्यावर नेऊन दिली. मावशीनं सवयीनं ती पूर्ण उलगडली. काठ बघितले, पदर बघितला, उलटी करून बघितली.

"खोट नही?"

"नाही. माझ्या दुकानातली आहे."

"मंग मी हाईले वळखू कशी?" ती म्हणाली, आणि लग्नाला ती साडी नेसून आली तेव्हा पदराच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ होती! अख्ख्या हॉलनं बघितली. अख्ख्या हॉलनं ठरवलं, शेठनं मानाची साडी दागी दिली. मी कुणाकुणाला सांगत फिरणार? आणि ती बाई पहिल्या पंगतीत बसून जिलेबी खात होती, लोक तिला वाकून नमस्कार करत होते.

पुढं तिचे गुडघे गेले. ओट्याची पायरी चढवेना. एक दिवस भाचा आला आणि तिला तापीकाठच्या तिच्या गावी घेऊन गेला. उरलेल्या साड्या तिनं जवळच्या बायकांना देऊन टाकल्या. रिक्षात बसताना ती माझ्या दुकानाकडे बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही. भाच्याला, पिशवी नीट धर म्हणून रागावत होती.

ती वारल्याची बातमी एका गिऱ्हाइकानं आणली, माझ्या दुकानात, साडी झटकता झटकता.

तेव्हा थोरली माहेरी आली होती, तिला न्यायला विहीणबाईही आल्या होत्या. चहा घेताना मी ती बातमी सांगितली. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. खोट सांगून झाल्यावर मी तिला विचारलं होतं, मग या घरात सोयरीक करावी की नको? तर म्हणाली, 'माय, मी दुपारना उघडा माल टाकीसन घर झोपाले जास. लोके समजतस, रस्तावरना माणूस ध्यान ठेवस. एखादा तं रिक्षा उनी का निंघी जास. मी झोपस ती त्या काचमांगल्या माणूसना भरवसावर.'"

विहीणबाईंच्या तोंडून अहिराणी ऐकून थोरली हसली. मला हसू आलं नाही.

माझ्या भरवशावर झोपत होती! इतकी वर्षं मी डोळे फाडून तिचं वाईट कधी होतं ते बघत होतो, आणि ही बाई त्या नजरेकडून राखण करून घेत होती. बिनपगारी. आणि एवढी मोठी गोष्ट सांगितली कुणाला? तर पहिल्यांदाच भेटलेल्या एका परक्या बाईला. मला नाही सांगितली. एकदा भर गल्लीत बोलली होती खरं, 'तुन्ही नजर आठेच ऱ्हास'. पण ते असं सांगायचं असतं का?

माझा राग अजून गेलेला नाही. ज्या विहीणबाईंना ती गोष्ट माझ्याआधी कळली त्यांच्यावरही थोडा आहे.

परवा कॅमेरे दुरुस्त करणारा आला होता. शिडीवर चढून म्हणाला, "शेठ, हा कॅमेरा नुसता समोरच्या रिकाम्या ओट्यावर आहे. तिथं काय आहे चोरण्यासारखं? तुमच्या दारावर फिरवतो."

त्याच्या मजुरीवरून मी भरपूर घासाघीस केली, आवाजही चढवला. पण कॅमेरा फिरवू दिला नाही. दुपार होती. पडद्यावर ओटा दिसत होता, त्यावर रिक्षाची वाट बघणारा कोणीतरी माणूस येऊन टेकला होता. रिक्षा आली, तो उठला आणि गेला. मी बघत बसलो.